बसच्या टपावरचं कुंकू

प्रिय अण्णा,

बसच्या टपावरचं कुंकू निम्मं पुसून झालं आणि माझा हात थांबला. कापूस गुलाबी झालाय. बस तशीच टेबलावर ठेवली आणि तुम्हाला लिहायला बसले.

उद्या चिंचवडला छोट्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. तुम्हाला जिथून परत पाठवलं होतं, तेच. भरवणारे आता बदललेत. सांगवीचे देशमाने म्हणून एक जण बघतात. परवा घरी येऊन त्यांनी तुमचं कपाट पाहिलं. खूश झाले. मग म्हणाले, "ताई, एवढे डाग पुसून घ्या. आणि जहाजाला बुडाशी रंग मारा. मग टेबल तुमचं."

मी हो म्हणाले. तुमच्या गाड्या तिथे मांडलेल्या बघायच्या होत्या मला. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

डाग! कंपनीत खंडेनवमीला मशिनची पूजा करून तुम्ही घरी यायचात आणि हात धुऊन या गाड्या पाटावर मांडायचात. आधी पत्र्याच्या, चावीवर चालणाऱ्या. मग जस्ताच्या ओतीव. शेवटी प्लास्टिकच्या. कंपनीतल्या आमच्या शॉपमध्येही याच क्रमाने सगळं बदललं, असं सांगायचात. बोट मोठं पडायचं, म्हणून काडीपेटीच्या काडीने कुंकू. चाकाखाली लिंबू मावायचं नाही, म्हणून लिंबाची बी.

आणि जहाज? चाकणच्या गाड्या परदेशी नेतात, तसलं पत्र्याचं जहाज. त्याला चाकंच नाहीत, मग बी ठेवायची कुठे? तुम्ही परातीत पाणी भरलंत, बी पाण्यात टाकलीत आणि वर जहाज सोडलंत. दरवर्षी. आई दरवर्षी म्हणायची, "अहो, गंजंल ते." गंजलंच. सगळी नोकरी लोखंडात काढलेल्या माणसाला एवढं कळत नव्हतं का?

त्या वेळी प्रदर्शनातले लोक हसले होते. एकाने विचारलं, काका, खेळण्यांना नवस बोललात काय? तुम्ही निमूट खोका बांधलात. तुम्ही काहीच का बोलला नाहीत, याचा मला फार राग आला होता. रिक्षात विचारलं, तेव्हा म्हणालात, "त्यांच्या गाड्या खोक्यात असत्यात. आपल्या रस्त्यावर हायेत. रस्त्यावरची गाडी बिनपूजेची कशी चालंल?"

मग हे तिथेच का नाही सांगितलंत?

मघाशी संतोषला फोन केला. तुमचा लेक हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये अडकला होता. म्हणाला, पुसून टाक की, अण्णा थोडेच बघायला येणारेत. खरं आहे त्याचं. पण बसचा पुसलेला भाग मी बघतेय. तो कुणाच्याही बसचा असू शकतो. दुकानात मिळते, तशी बस. उरलेला अर्धा तेवढा आपला आहे.

आता एकही गाडी पुसणार नाही. जहाजाला रंग लावणार नाही. उद्या आहेत तशा घेऊन जाईन, सोबत परात नेईन. कुणी हसलं तर बोलेन. टेबल मिळालं नाही, तर दाराबाहेर पाट मांडेन. पण खोका बांधून परत येणार नाही, अण्णा. हा माझा शब्द.

तुमची
सुमन

ता. क. सकाळी देशमान्यांनी टेबल दिलं नाही. मी दाराबाहेर पाट मांडला. बस अर्धी पुसलेलीच पुढे ठेवली. परातीत पाणी भरलं, बी टाकली, जहाज सोडलं. ते एका अंगाला कललं आणि तरंगत राहिलं. थोड्या वेळाने देशमाने बाहेर आले. त्यांनी बूट काढले आणि पाटासमोर बसले.