‘प्रवरा’चा अखंड डेक

४ नोव्हेंबर १९४५, नगर
जहाजाचं वजन पुन्हा दहा हजार चारशे टन. मर्यादा दहा हजारांची. १८१८ घडलंच नाही, आपलं राज्य टिकलं, १९३० साली विजयदुर्गाच्या गोदीत आपली पहिली अवजड क्रूझर युद्धनौका बांधली गेली, असं धरून चाललो आहे. पण युद्धनौकांच्या तहाची मर्यादा सगळ्या राष्ट्रांना सारखी. कल्पनेतसुद्धा वजनात लबाडी करणार नाही. आठ इंची आठ तोफा सोडणार नाही. नाव ठरलं, ‘प्रवरा’. चारशे टन कुठून कापू?
ही म्हणाली, “पाण्यात सोडायचीय की सभेत?”
सभेत. जहाज कागदावरचं, व्याख्यानासाठीच. पण सभेत सोडलेली पाण्यातही तरली पाहिजे, नाहीतर मी भोंदू.

८ नोव्हेंबर
सुटलं! चिलखती डेकला भोकंच ठेवायची नाहीत. प्रत्येक झाकणाला, म्हणजे हॅचला, जाड चौकट लागते, तिथे पोलाद दुबळंही होतं. बॉयलरखोलीतली माणसं मागच्या बोळातून ये-जा करतील. वजन बसलं. शिवाय व्याख्यानाला वाक्य मिळालं: “ज्या राष्ट्राच्या डेकला भोक नाही, त्याला बुडवणारा अजून जन्माला यायचा आहे!” दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. टाळी इथेच.

११ नोव्हेंबर
‘प्रवरा’चा नकाशा उस्मानभाई पत्रेवाल्यांना दिला, पत्र्याचा नमुना करायला. नकाशा उलटासुलटा करून पाहिला त्यांनी.
“मास्तर, सगळीकडनं बंद डबा. आतून डाख देऊ कसा? माझा हात काय भुताचा हाय?”
“बाहेरून द्या.”
“बाहेरून दिला तर पाणी शिरंल.” मग हसले. “जाऊ द्या. तुमी बोलता लई झकास. ऐकताना वाटतं, समुद्र चांदबीबीच्या महालामागंच हाय.”
मी समुद्र उभ्या जन्मात दोनदा पाहिला, हे सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर
सोनईहून बापूंचं पत्र, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. बापू म्हणजे कोंडिबाचे वडील. एक्केचाळीस साली सोनईच्या बाजारात मी बोललो होतो, “आज परक्यांच्या जहाजावर शिका, उद्या आपलं चालवायचंय!” आरमारात नाव द्यायला दोघे जागच्या जागी उभे राहिले. कोंडिबा आणि त्याचा मित्र भगवान. कोंडिबा त्रेचाळीसमध्ये गेला. नुसती तार आली.
आता भगवान आरमारातून सुटून आलाय. कोंडिबा तोफेपाशी लढता लढता पडला असं सांगतो. बापू लिहितात, “भगवान लई बोलत न्हाई. २५ ला सभा घ्या. तुमच्या तोंडून ऐकायचं हाय.”
सांगेन. असं सांगेन की उद्याच्या आरमारासाठी पन्नास जण नाव देतील. भगवानला नगरला बोलावून तपशील घेतो.

१८ नोव्हेंबर, रविवार
भगवान येऊन गेला. जसं ऐकलं तसं लिहितो.
नकाशा जमिनीवर पसरला. तो उकिडवा बसून बोटाने एकेक खोली पाहत गेला. बॉयलरखोलीपाशी थांबला.
“गुरुजी, हितं वर हॅच न्हाई?”
मी ते वाक्य म्हटलं. पूर्ण. हातवाऱ्यांसकट.
तो म्हणाला, “बरं केलं. कुनाला लावाया लागनार न्हाई.”
मला कळेना. मग त्याने सांगितलं. वाणसामान सांगावं तसं. टॉर्पेडो लागला. बॉयलरखोलीत पाणी. ते वर चढू नये म्हणून हॅच लावायचा हुकूम झाला. सगळ्यात जवळ भगवान. खाली पाच जण. कोंडिबा शिडीवर अर्ध्यात आलेला.
“बोलला काही?” का विचारलं मी?
“भग्या म्हनला. निस्तं भग्या. मी पेच आवळलं. बाकीचे वाचलो.”
“आणि तोफ?”
“तोफंची गोष्ट मी लावली, गुरुजी. बापूला काय सांगू?”
जाताना पाया पडला. माझ्या!

१९ नोव्हेंबर
इतक्या लढाया वाचल्या, इतक्या लोकांना ऐकवल्या. एकाही पुस्तकात त्या झाकणाच्या दोन्ही बाजूंना मी सभेत उभी केलेली माणसं नव्हती.

२१ नोव्हेंबर
हॅच काढायला बसलो. पेच वरून फिरणारे की खालूनही? खालून फिरले तर शिडीवरचा उघडणार आणि जहाज जाणार. न फिरले तर
खोडून खोडून कागद फाटला.
उस्मानभाईंना निरोप, नमुना थांबवा. उलट निरोप, झाला की! रंग वाळतोय.
हिला सगळं सांगितलं.
“मग खरं सांगणार सोनईत?”
“भगवानला गावात राहता येईल का?”
“आणि खोटं ऐकून जे नाव देतील, त्यांचं काय?”
मी फाटलेला कागद जुळवत बसलो. “कागद नको, भाषण जुळवा,” म्हणाली. हसली नाही.

२३ नोव्हेंबर
आयुष्यात प्रथमच भाषण लिहून काढायला बसलो. ‘बंधूंनो’ एवढंच झालं.

२५ नोव्हेंबर, सोनई, बापूंचं घर
घोडेगावपर्यंत मोटार, पुढे बापूंची बैलगाडी. भगवान मागे, पाय खाली सोडून, आमच्याकडे पाठ. नमुना माझ्या मांडीवर. बापू वळून वळून बघत होते.
“ह्यात आमचा कोंडिबा कुठं उभा असता, वो?”
मी बोट ठेवलं. तोफेवर. ठरवलं नव्हतं. बोट आपसूक गेलं. भगवान वळला नाही.
“मंग ह्येच सांगा सभेला,” बापू म्हणाले.
कोंडिबाच्या आईने चहा दिला. पदर सावरत विचारलं, “लई येळ लागला का वो त्याला जायाला?” मी कप तोंडाला लावला. भाजलं.
सभा चारला. पावणेचार झालेत. मैदान भरलंय म्हणे. भगवान समोर भिंतीला टेकून बसलाय. खरं सांगा की खोटं, काहीच मागत नाही.
आत्ता बापू एका उंच पोराला घेऊन आले. कोंडिबाचीच कपाळाची ठेवण, तेच कान.
“ह्यो दत्तू. कोंडिबाच्या पाठचा. तुमचं बोलनं झालं की समद्यांत आधी ह्योच उठनार हाय. कवाधरनं तयार बसलाय.”
दत्तू हसला. “गुरुजी, मला बी तोफंवरच घ्या.”
भगवानने मान वर केली. सकाळपासून प्रथमच माझ्याकडे पाहिलं.
ताशा सुरू झाला. बोलावणं आलं. उठतो आहे. पहिलं वाक्य अजून