बोर्ड चालला, तरी

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

चार वाजता मी तो बटणाएवढा सेल काढला आणि तिथंच सगळं बदललं.

अमरावतीच्या माझ्या मैत्रिणीच्या, समीनाच्या अब्बांचा जुना, हातात नेता येणारा कॉम्प्युटर. तो सुरू करणारी रॉम चिप मेलेली, तशी आता मिळत नाही. नवी चिप त्या जागी बसावी म्हणून तारा फिरवून छोटा बोर्ड मीच बनवला. तीनदा चुकला, आज चालला. पण अब्बांनी लिहिलेलं सगळं मेमरीत त्या सेलच्या विजेवरच टिकून होतं; सेल निघाला की पुसलं.

मी काम करतो त्या दुकानाचे मालक रफीकचाचा बजावत होते, "पहिले चालू कर बेटा, लिहिलेलं उतरवून घे. सेलले मंग हात लाव."

दुपारी समीनाच्या भावाचा फोन. "तुझं कॉलेज पुरं नाही झालं, अन् हे काय दुरुस्त करून राहिला बे?" डोकं सणकलं. सगळं नवंकोरं करूनच दाखवतो म्हटलं, आणि सेलही काढला. काहून?

मग समीनाचा फोन. "अब्बाचं दिसून राहिलं का रे?"

"बोर्ड चालून राहिला," एवढंच बोललो.

अब्बांचं लिहिलेलं गेलं, हे तिला तोंडावरच सांगावं लागेल. कॉम्प्युटर पिशवीत, सेल खिशात. अमरावतीची गाडी सहाची. वही मिटतो, दार ओढून निघतो.