मोटरवाल्या सुभद्राबाई

चिंचवड,
१३ मार्च १९७६

प्रिय निलू,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही म्हणून रागावली असशील. खुशाल रागाव. मी सध्या स्वतःवरच इतकी चिडलेय की त्यात तुझा राग सहज खपून जाईल.

इथल्या पंपाच्या कारखान्यात मला प्रसिद्धी खात्याची मुख्य चित्रकार म्हणून घेतलं, तेव्हा तूच पेढे मागितले होतेस. गेल्या दिवाळीनंतर काम आलं: थिएटरात दाखवायला एक मिनिटाची हलत्या चित्रांची जाहिरात. मी म्हटलं, नुसती कार्टून नकोत. आपला पंप खरोखर वापरणारी माणसं कॅमेऱ्यात घेऊ आणि त्यावरून चित्रं काढू. आमच्या खात्याचे प्रमुख बर्वे साहेब खूश झाले. "कल्पना फर्स्टक्लास आहे, मृदुलाबाई!" त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं चांगलं वाक्य.

माणसं शोधत चऱ्होलीला गेले, तिथे सुभद्राबाई भेटल्या. पन्नाशीच्या, तोंडावर देवीचे व्रण, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. चार एकर कांदा एकटीच्या जिवावर करतात. मोटर सुरू करण्याआधी हात पदराला खसाखसा पुसतात, बटण दाबतात आणि पंपाकडे कान करून उभ्या राहतात. पाणी वर चढलं की मान हलवून वाफ्याकडे चालू लागतात. मी विचारलं, काय ऐकता? तर म्हणाल्या, "दम लागलाय का त्येला, त्ये ऐकते. मानसावानीच हाय त्ये." निलू, माझी जाहिरात मला तिथेच मिळाली. चाळीस सेकंदांचं ते चित्रण प्रोजेक्टरने काचेवर पाडून मी आणि माझ्या हाताखालच्या दोन चित्रकारांनी फिल्मची एकाआड एक चौकट कागदावर उतरवली. चारशे ऐंशी कागद झाले. भराभर उलटले की बाई चालायला लागायच्या, तीच जराशी डावीकडे झुकणारी चाल.

मग बर्वे साहेबांनी ते पाहिलं. तोंडावरचे डाग काढा. काढले. वय कमी करा. केलं. कपाळ मोकळं चालणार नाही, कुंकू लावा. लावलं. शेवटी म्हणाले, "बाई मोटर चालू करते म्हटल्यावर कुठला गडी ती विकत घेईल हो? फेटेवाला शेतकरी दाखवा, बाईच्या कमरेवर घागर द्या." तेही केलं. दर वेळी मी त्यांच्या खोलीतून तणतणत बाहेर यायची आणि माझ्या दोन चित्रकारांना तेच हुकूम सोडायची. कुंकू तर मी स्वतः रंगवलं. आई आजारी आहे, नोकरी हवी, असं सांगून तुझ्यापुढे तरी सुटावं असं मनात होतं. पण खरं सांगते, एकदाही मी "नाही" म्हटलं नाही. "बघू" म्हणत राहिले.

गेल्या मंगळवारी दुपारी कंपनीच्या सभागृहात जाहिरात पहिल्यांदा दाखवली. फोटोत गर्दी दिसावी म्हणून साहेबांनी चऱ्होलीची माणसं ट्रकने आणवली होती. सुभद्राबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, जावेला, शालनबाईंना, सोबत घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. काय काय बदललंय, हे मी त्यांना कळवलं नव्हतं. दिवे मालवले, एक मिनिट संपलं, टाळ्या पडल्या, दिवे लागले. सगळे उठले, तरी बाई पडद्याकडे बघत बसलेल्याच. मी जवळ गेले तशी माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "बाई, आन् मी कवा येनार?"

मी म्हटलं, मशीन बिघडलं, तुमचा भाग दाखवता आला नाही. त्या हसल्या. "असू द्या. मशीन हाय, बिगडायचंच. तुमी नका वाईट वाटून घिऊ." उलट माझीच समजूत काढून ट्रकमध्ये चढल्या. आणि मागे साहेब हाका मारत होते, पुढची जाहिरातही अशीच खऱ्या माणसांची करू म्हणून!

पण रडगाणं गायला हे पत्र लिहिलेलं नाही. सोबतच्या पार्सलमध्ये ते पहिले चारशे ऐंशी कागद आहेत, दुरुस्त्यांच्या आधीचे. रद्दीत निघाले होते, मी घरी आणले. तुमच्या स्टुडिओत चित्रांचा कॅमेरा आहे. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडे थोडे फिल्मवर उतरवून देशील? रंग नको, पंपाचं नाव नको, पेन्सिलच राहू दे. प्रत्येक कागदामागे आकडा घातला आहे. फिल्म झाली की एक प्रोजेक्टर मागून घेईन आणि चऱ्होलीच्या शाळेत भिंतीवर दाखवीन. पण तोवर थांबणं जमणार नाही. उद्या रविवार, सकाळच्या एस.टी.ने जातेय. मशीन चांगलं होतं, तुमच्या जागी मीच दुसरी बाई काढली, हे त्यांच्या तोंडावर सांगायचंय. काय म्हणतील कोण जाणे. कांदाकाढणीचे दिवस आहेत, बोलायला सवडही नसेल. बांधावर बसून राहीन.

तुझीच,
मृदुला