खाद्य, कचरा आणि एक पुष्पचक्र

प्रति,
मा. बंदर अधीक्षक,
सागरी जीव संरक्षण कक्ष,
सान तेल्मो बंदर, काडिझ प्रांत.

विषय : 'पासिएन्सिया' या शिडाच्या बोटीचे सील दि. १६ जुलै रोजी एका दिवसापुरते काढून मिळण्याबाबत.

संदर्भ : (१) आपली नोटीस क्र. ओ/११४, दि. २१ जून.
(२) आपले सूचनापत्रक क्र. १, 'ओर्का दिसताच थांबा'.
(३) आपले सूचनापत्रक क्र. २, 'ओर्का दिसताच थांबू नका'.

महोदय,

मी खाली सही करणारा एवारिस्तो गालिंदो, वय ७४, येथील मच्छीमार संघाच्या वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल. हा या अर्जाचा चौथा मसुदा आहे. पहिल्या तिन्हींत मी फार माफी मागितली आहे, असे माझ्या वहिनी प्रुदेन्सिया यांचे मत पडले. त्यांच्या सांगण्यावरून या मसुद्यात माफी दोनदाच मागितली आहे. कमी वाटल्यास कळवावे.

१. संदर्भ (१) अन्वये माझ्यावर तीन आरोप आहेत. मी संरक्षित प्राण्याच्या नियमबाह्य जवळ गेलो, त्याच्याशी बोललो आणि त्याला खाद्य दिले. तिन्ही आरोप मीच भरून दिलेल्या नमुन्यावरून ठेवलेले असल्याने ते खोटे आहेत असे मला म्हणता येत नाही. फक्त घडले कसे, एवढे सांगण्याची परवानगी असावी.

२. माझे थोरले बंधू सिरियाको अकरा वर्षांपूर्वी ट्युनाच्या मोठ्या बोटीवर कामाला असताना पूर्वेच्या वाऱ्यात समुद्रात पडले. ते सापडले नाहीत. त्यांची स्वतःची लहान बोट 'पासिएन्सिया' माझ्याकडे आली. मला बोट चालवता येते असे मी म्हणणार नाही. ती चालते आणि मी तिच्यात असतो.

आपण येथे बदलून येऊन दोनच वर्षे झाली, म्हणून लिहितो, क्षमा असावी. (ही पहिली.) सोळा जुलैला मच्छीमारांची राखण करणाऱ्या कार्मेन मातेची मूर्ती बोटीतून समुद्रात नेतात. मागून ज्या ज्या घरातला माणूस समुद्राने नेला त्या घराची बोट ओळीने जाते. आपल्या जागेवर बोट आली की पाद्री त्या माणसाचे नाव मोठ्याने घेतात आणि घरचे लोक पाण्यात पुष्पचक्र सोडतात. जागेवर घरची बोट नसेल तर नाव घेतले जात नाही. सलग दोन वर्षे घेतले गेले नाही तर ते यादीतून उतरते. गेल्या वर्षी आपल्या कक्षाने 'लहान बोटींनी शक्यतो बाहेर पडू नये' असा फलक लावला होता. बंदरातल्या एकतीस बोटींनी तो वाचला. पाळला मी एकट्याने. म्हणजे हे दुसरे वर्ष आहे.

३. यंदा चूक होऊ नये म्हणून १९ जून रोजी सकाळी मी सरावासाठी बाहेर पडलो. सोबत वहिनींनी विणलेले लाल कार्नेशनच्या फुलांचे चक्र होते. "भावोजी, सराव करायचा तर खऱ्या चक्राने करा," त्या म्हणाल्या, "गवताची पेंढी टाकून हात बसत नाही." सोबत आपली दोन्ही सूचनापत्रके, भिजू नयेत म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालून, घेतली होती. दोन्ही आपल्या फलकावर शेजारी शेजारी लावलेली आहेत आणि दोन्हींवर 'तात्काळ अंमलात' असा शिक्का आहे.

दीपगृहाच्या पश्चिमेला आपल्या नोंदीतली आ-१७ ही काळ्यापांढऱ्या शिकारी देवमाशांतली ओर्का, जिला बंदरात सगळे 'सासूबाई' म्हणतात, आपल्या दोन पिल्लांसह आली. मी अनुक्रमाने जाणारा माणूस असल्याने पत्रक क्र. १ आधी घेतले. शीड उतरवले, सुकाणूच्या दांड्यावरचा हात काढला, गप्प बसलो. मी गप्प बसण्यात वाकबगार आहे. सासूबाईंनी सुकाणूला पहिला धक्का दिला तेव्हा मी पत्रकाची मागची बाजूही वाचून काढली. तिथे काही लिहिलेले नव्हते. दुसऱ्या धक्क्याला मी पत्रक क्र. २ काढले. त्यात इंजिन सुरू करून सरळ रेषेत उथळ पाण्याकडे जाण्यास सांगितले आहे. इंजिन सुरू झाले. परंतु तोवर सुकाणूचा खालचा अर्धा भाग सासूबाईंकडे गेला होता. सुकाणू नसलेली बोट सरळ रेषेत कशी न्यावी, हे पत्रक क्र. ३ मध्ये येणार असावे. मी गोल फिरत राहिलो. या फिरण्यात मी तीन वेळा प्राण्याच्या नियमबाह्य जवळ गेलो, हे खरे आहे. तीन वेळा नियमाने दूरही गेलो, त्याची नोंद कुठे दिसली नाही.

४. बोलण्याबाबत. तिसऱ्या फेरीत ती पाण्याबाहेर डोके काढून माझ्याकडे बघत होती. मी "माफ करा, बाई" असे म्हणालो. हे नियमात बसत नाही हे उशिरा लक्षात आले. (ही माफी वरील दोनांत धरू नये.)

५. खाद्याबाबत. मागून बसलेल्या धक्क्याने पुष्पचक्र पाण्यात पडले. सासूबाईंनी ते नाकाने उचलले, थोडे तिरके डोक्यावर घेतले आणि पिल्लांना घेऊन निघून गेल्या. जाताना चांगल्या दिसत होत्या. हे मी नमुन्यात लिहिले नाही, कारण तशी जागा नव्हती.

मला बंदरापर्यंत ओढत आणणारे शेजारी तांडेल क्रिस्पुलो बाराओना यांचे म्हणणे, त्यांच्या परवानगीशिवाय, जसेच्या तसे देतो. "एवारिस्तो, लेका, सासूबाई सुकाणू खातेय आणि तू वाचत बसलास? दोन पेट्या फटाके टाकायचे पाण्यात, पळते की नाही बघ." ते बेकायदा आहे, त्या प्राण्यांच्या कानाला इजा होते, आणि त्या जगात इतक्या थोड्या उरल्या आहेत की त्यांची सगळ्यांची नावे एका वहीत मावतात, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "तुझं काय उरलंय ते बघ आधी. आणि तो नमुना भरू नकोस हं. खडकाला लागलं म्हणून सांग. माझं सुकाणू तीनदा गेलं, तिन्ही वेळा खडक."

महोदय, आपल्या दप्तरानुसार यंदा सान तेल्मोच्या बोटी खडकाला तेवीस वेळा लागल्या आहेत. आपला किनारा दोन्ही बाजूंना वीस वीस मैल वाळूचा आहे. हे तेवीस खडक काळेपांढरे असून पिल्लांसह फिरतात, याची संशोधकांनी दखल घ्यावी. ओर्काची म्हणून नोंद फक्त एक आहे, ती माझी. खरे लिहिले तर तिचा माग लागेल, तिचे रक्षण होईल, असे नमुन्याच्या वरच्या ओळीत छापले होते. मी छापील मजकुरावर विश्वास ठेवण्यातच नोकरी केली.

६. आता मुख्य गोष्ट. 'प्राण्याच्या संपर्कात आलेली वस्तू' या रकान्यात दोनच पर्याय आहेत, 'खाद्य' आणि 'कचरा'. मी आपल्या निरीक्षक नोएलिया बाईंना विचारले की पुष्पचक्र कुठे लिहू. त्या भल्या आहेत. म्हणाल्या, "आजोबा, 'इतर' नाहीये हो. मीही वरती कळवलंय दोनदा. कचरा लिहा आणि मोकळे व्हा. कचऱ्याला नुसती समज देतात." भावासाठी विणलेले चक्र मला कचरा लिहिता येईना, म्हणून मी खाद्य लिहिले. खाद्य देणे हा गंभीर गुन्हा असून त्यात बोट सील होते, हे मागच्या पानावर होते. या वेळी मी मागचे पान वाचले नाही.

नोएलिया बाई घरी येऊन दुरुस्तीचा कोरा नमुना देऊन गेल्या. "खूण बदला, सही करा, त्याच दिवशी सील निघेल," असे म्हणाल्या. त्या वेळी वहिनी स्वयंपाकघरात चण्याच्या रश्शात पालक घालत होत्या. डाव न ठेवताच बाहेर आल्या. "मी विणलेलं, यांच्या नावाचं चक्र कचरा?" त्या मला म्हणाल्या, "करा सही, भावोजी. जरूर करा. मग या घरी जेवायला येऊ नका." मी रविवारी त्यांच्याकडेच जेवतो.

७. मला सासूबाईंबद्दल तक्रार नाही, हे नोंदवून घ्यावे. सिरियाकोच्या गळाचे ट्युना तिची आई ओढून न्यायची, तेव्हा तो घरी येऊन हसत सांगायचा, "आज पाहुण्या जेवून गेल्या." आ-१७ ची आई, आजी, मावशी, तिच्या पाठीवरचा व्रण, तिला शेवटचे कोणी कुठे पाहिले, हे सारे आपल्या कक्षात टिपलेले आहे. असेच टिपत राहावे. सिरियाकोच्या नावापुढे आपल्याच इमारतीच्या खालच्या मजल्यावरच्या दप्तरात 'बेपत्ता' एवढा एक शब्द आहे. त्याचे नाव मोठ्याने घेतले जाण्याची वर्षातून एकच वेळ असते.

सबब विनंती की, सोळा जुलैला सकाळपासून सूर्यास्तापर्यंत बोटीचे सील काढावे. बोटीला सुकाणू नाही, याची अडचण नाही. क्रिस्पुलो तिला दोराने ओढत नेतील. मच्छीमार संघाची यादी ठेवणाऱ्या कासिल्दा बाईंना मी विचारून आलो. त्या नव्वदीच्या आहेत. म्हणाल्या, "बोट घरची हवी आणि पाण्यात हवी. कशी आली ते माता विचारत नाही." शिवाय ओर्कांना फक्त सुकाणूत रस असतो असे आपलेच पत्रक सांगते. त्या अर्थी मिरवणुकीतल्या एकतीस बोटींत संरक्षित प्राण्याला जिचा काहीही उपद्रव किंवा मोह होणार नाही अशी बोट एकच आहे, आणि ती आपण सील केलेली आहे.

ते शक्य नसल्यास दुरुस्तीच्या नमुन्यात 'कचरा'च्या खाली हाताने एक चौकोन काढून त्यापुढे 'पुष्पचक्र' असे लिहिण्याची परवानगी द्यावी. अक्षर माझे बरे आहे. चौकोन पट्टीने काढीन.

एवढ्या लांबणीबद्दल क्षमस्व. (ही दुसरी.) वहिनींनी अर्ज इथपर्यंत वाचला आहे. सोबतच्या कागदांची यादी मी टपालात टाकण्यापूर्वी जोडली.

आपला नम्र, आणि अजून दोन्ही पत्रके जवळ बाळगणारा,

एवारिस्तो गालिंदो
मासेवाल्यांची गल्ली, सान तेल्मो
दि. २ जुलै

सोबत :
१. सूचनापत्रक क्र. १ व २, प्लॅस्टिकसह.
२. सुकाणूचा उरलेला भाग, दातांच्या खुणांसह. संशोधनास उपयोगी पडल्यास ठेवून घ्यावा.
३. तांडेल क्रिस्पुलो बाराओना यांचे ओढून नेण्याचे संमतिपत्र. त्यात त्यांनी 'खडक' हा शब्द चार वेळा वापरला आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे.
४. मिरवणुकीच्या यादीची प्रत. ओळ क्र. नऊ : सिरियाको गालिंदो.
५. दुरुस्तीचा नमुना, 'कचरा' या शब्दापुढे खूण करून, माझ्या सहीसह, बंद पाकिटात. पंधरा जुलैच्या संध्याकाळपर्यंत दुसरा कोणताही मार्ग निघाला नाही, तरच फोडावे. उत्तर माझ्याच नावे पाठवावे, वहिनींच्या नाही.