एक माप मोठी सायकल

जुन्नर, मंगळवार, दिवेलागणीला

त्या सायकलवाल्याला माप म्हणजे काय ते सात जन्मांत कळायचं नाही. डोंगरात चालणारी बॅटरीची सायकल विकतो आणि विचारतो नुसती उंची. पाच फूट सहा म्हटलं, तर लगेच मोठी फ्रेम पुढं केली. अरे, एकाच उंचीच्या दोघांच्या बाह्यांत दोन बोटांचा फरक निघतो. तीस वर्षं कपडे शिवतोय मी. पायाची लांबी नको? हाताची नको?

बसलो, तर हँडल एवढं लांब की कोपरं ताठ. सायकल मांड्यांत धरून उभा राहिलो, तर मधली दांडी टोचली आणि दोन्ही टाचा वर. मढच्या शेतावरून दगडांच्या वाटेनं उतरताना तोल गेला, तर एवढं धूड मी चवड्यांवर उभं राहून सावरणार?

बरोबर मेहुणा. त्याची अक्कल तर काय सांगावी. "दाजी, मोठीच घ्या. तेवढ्याच पैशात लई गाडी येती. बारकी पोरीबाळींनी चालवायची." दुकानात सगळे हसले.

गिऱ्हाईक "थोडं सैलच ठेवा" म्हणतं, तेव्हा मी त्याला मनात वेड्यात काढतो. सैल कपडा म्हणजे दुसऱ्याचा कपडा, हे माझंच वाक्य.

आणि आज कामावरून तसाच उठून गेलेला मी, गळ्यात टेप, टाचा वर, बुकिंग करताना काय म्हणालो?

"असू द्या, थोडी मोठीच असू द्या."