मागच्या उतारावरची माती

३ मार्च
पोचले एकदाची! जव्हारहून जीपमध्ये शेजारणीची कोंबडी अर्धा वेळ माझ्याच मांडीवर, तरी मन खूश. दाभोशाच्या धबधब्याजवळच्या या नव्या रिसॉर्टची मी व्यवस्थापक. खिडकीतून नदी दिसते. झाडलोटीला येणारी रखमी शेजारच्या कातकरी वाडीतली. तिने नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणली. मी हाणली.

८ मार्च
मागच्या उताराची माती काळी, भुसभुशीत. मालकांना ती भाजीच्या वाफ्यांत हवीय. आज रखमी जेसीबीसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "नीताताई, तठं आमची मानसां हात." वाडीवरचे आपली माणसं तिथेच पुरतात. मी काम थांबवलं. मालक फोनवर हसले. सातबाऱ्यावर कुठे स्मशान लिहिलंय, म्हणाले.

१० मार्च
अर्ज द्यायला जव्हारच्या तहसील कचेरीत गेले. पाहणी होईल म्हणाले. परतले तर उतार खरवडून साफ, वाफे भरलेले. मातीत पिवळट तुकडे, बांगडीची काच. जेसीबीच्या दातांत लुगड्याची चिंधी, तिला काहीतरी ओलं चिकटलेलं. मी तिथेच ओकले. रखमी रडली नाही. मूठभर माती हुंगत बसली.

६ एप्रिल
मेथी कमरेला लागतेय. अशी कुठे वाढते मेथी? पानं तेलकट, बोटांना चिकटतात. पाहुणे मिटक्या मारत खातात. मालकांनी आज आग्रहाने मलाही वाढली. नाही म्हणवेना. गोडसर लागली, उंदीर मरून पडलेल्या कपाटाच्या वासासारखी.

९ एप्रिल
दातांत केस अडकला. ओढला तर घशातून येतच राहिला — लांब, पांढरा. भाजी सोडली तरी ढेकर तोच. हिरड्यांतून काहीतरी टोचतंय. नख. माझं नाही.

११ एप्रिल
स्वयंपाकीण पळाली. मालक फोन घेत नाहीत. रखमीला म्हटलं, सगळी माती परत नेऊ. वाडीवरची माणसं पाट्या घेऊन आली. सकाळपासून वाहतोय.

दुपारी
वाफे रिकामे. उतारावरचे खड्डे बुजले — एक सोडून. हातभर लांबीचा. रखमी म्हणाली, तिच्या तान्ह्याचा. माती पुरत नाही. सगळे माझ्याकडे —
तिने माझ्या पोटावर हात ठेवला. आत काहीतरी वळलं. तिला कळलं —
पदर पसरून समोर बसलीय. तोंड उघड म्हणते, हळू — वर येतंय — इवलीशी बोटं — माझी जीभ धरून —