कावळ्यापुढचा शब्द

डाळज, तालुका इंदापूर
मार्गशीर्ष, १९३४

प्रिय रघू,

आबा गेल्याची तार तुला मिळाली नाही, कारण ती कुणी केलीच नाही. बाटलेल्याला सुतक कसलं, असं हिंदुरावकाकांनी बजावलं होतं. तू ख्रिस्ती झालास तेव्हा घराबाहेर काढलं त्यांनीच, आणि आबा थोरले भाऊ असूनही भावकीपुढं गप्प बसले. तेव्हा ही बातमी माझ्याकडूनच कळतेय. रड, पण पुढचं वाच.

पावसाळाभर आबा औषधासाठी माझ्याकडे बारामतीला होते. खोकला होताच, पण घोर वेगळाच लागला होता. येईल त्याला विचारायचे, मेल्यावर माणूस जातो कुठं? मला वाटलं, म्हातारपण. पण त्यांना स्वतःची काळजी नव्हतीच. बाप एकीकडे आणि लेक दुसरीकडे जाणार असेल तर भेट कुठं होणार, एवढंच त्यांना हवं होतं. शेजारचे जैन शेठ म्हणाले, जीव क्षणात दुसरा देह धरतो, मागं रेंगाळत नाही. आबा हिरमुसले. "मग वळखायचं कसं?" हुसेनभाई तांबोळी पानं द्यायला येत. त्यांनी सांगितलं की कबरीत फरिश्ते सवाल करतात आणि कयामतीला सगळे उठतात. तुझ्या धर्मातही शेवटच्या दिवशी उठतातच, असं मी म्हटलं. झालं! आबा उठून बसले. "मग मला पुराच. राख झाल्यावं उठायचं कशानं?" हुसेनभाई हसले, वरच्याला राख काय, माती काय, सारखीच, म्हणाले. पण हिशेब झाल्यावर ज्याची त्याची वाट वेगळी, हेही त्यांना नाइलाजानं सांगावं लागलं. "म्हंजे रांगंत तेवढी गाठ पडंल," म्हणून आबा कुशीवर वळले. मला आधी हसू आलं, मग आत जाऊन खूप रडले.

दिवाळीनंतर आम्ही त्यांना गावी आणलं आणि आठवड्याभरात ते गेले. दहाव्याला भीमेकाठी पिंड मांडले. कावळे बाभळीवर बसून, पण एक शिवेल तर शपथ! आबांची इच्छा राहिली असणार, म्हणून काका शब्द देऊ लागले. मळा राखीन म्हणाले, वहिनीला सांभाळीन म्हणाले. माझ्या दिवाळसणाचंही कबूल केलं, माझी पोरं शाळेत जातात तरी! कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. कावळा शिवल्याशिवाय कुणाला घास घेता येईना. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायला निघाले आणि काकांनी मान डोलावली. तेव्हा आपली आई, जिनं दिरापुढं कधी तोंड उघडलं नाही, ती पिंडाला आडवी बसली. "खराच शिवंल. तुमी रघूचं बोला." सगळी भावकी बघत होती. काका बराच वेळ घाम पुसत राहिले आणि मग नदीकडं बघून ओरडले, "दादा, रघ्याला घरात घिऊ! माझ्या पंगतीला बसवीन, मग तर झालं?" आई बाजूला सरली आणि कावळा उतरला. ती आडवी असताना तो उतरणार कसा, हे माझ्याखेरीज कुणाच्या ध्यानात आलं नाही.

काका आता म्हणू लागलेत, कावळा भुकेला होता. असेलही. त्यात आबा होते की नाही, मला ठाऊक नाही. पण मेलेल्याला चारचौघांत दिलेला शब्द मोडायची काकांची छाती नाही, हे पक्कं ठाऊक आहे. आणि घाई यासाठी, की दहाव्यापासून आईनं अंथरूण धरलंय, अन्नावर वासना नाही. वैद्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते तुला लिहीत नाही, तू दवाखान्यात काम करतोस, समजून घे. काल तिची समजूत घालायला म्हणून मी तुझ्या धर्मात मेल्यानंतरच्या भेटीचं काय सांगतात ते सांगू लागले. तिनं माझा हात दाबला. "तितलं ऱ्हाऊ दे गं सिंधू. म्या हितं हाय तंवर त्याला बघू दे." म्हणून हे पत्र. मिळेल त्या गाडीनं ये, आणि आधी आईकडं जा. काकांना नमस्कार नंतर कर.

तुझीच,
सिंधुताई